देशी गाय वाचवायची, पण कोणाच्या पैशानं?

दिवाळीच्या सुट्टीत उदगीरजवळच्या गावी मामाकडे गेले होते. त्या आठवड्यात कॉलेजच्या ग्रुपवर एक रील फिरत होती. हिरव्या कुरणात चरणाऱ्या गाई, मागे बासरी आणि खाली मजकूर, 'आपली देशी गाय वाचवा, ए-टू दूध प्या.' मी ती मामाला दाखवली. त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन रील पूर्ण बघितली आणि म्हणाला, ''ही गीर हाय. गुजरातची. आपली देवणी कुठंय ह्यात?''

मामाच्या दावणीला तीन गाई आहेत. दोन संकरित, ज्यांना गावात सगळे सरसकट 'जर्शी' म्हणतात, आणि एक देवणी. अंग पांढरं, तोंडाच्या बाजूंना काळं. देवणीत अशा गाईला 'वानेरा' म्हणतात. अंगावर काळे ठिपके असले की 'शेवरा' आणि पूर्ण पांढरी असली की 'बालंक्या'. हे तिन्ही शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, आणि माझं आजोळ देवणी तालुक्याच्या शेजारी आहे! आजोबांच्या काळात या दावणीला सगळ्या देवणीच होत्या. आता एक उरलीय. मामा म्हणतो, हीच शेवटची.

मास कॉमची विद्यार्थिनी असल्यामुळे माझ्या डोक्यात लगेच हेडलाइन तयार झाली, 'परंपरा जपणारा शेतकरी'. वही काढली आणि विचारलं, ''मामा, देवणी का ठेवलीय?''

''का ठेवलीय ते मागून सांगतो. आधी ती मला कितीला पडती ते लिही माय.''

मग आम्ही गोठ्यातच बसून हिशोब मांडला. तो हिशोब संपेपर्यंत माझी हेडलाइन संपली होती.

गोठ्यातला हिशोब

त्या दिवशी जर्शी १२ लिटर दूध देत होती, देवणी ४ लिटर. संकलन केंद्रावर जर्शीच्या दुधाला ३० रुपये दर लागत होता. देवणीच्या दुधाला फॅट जास्त, म्हणून ३३. म्हणजे जर्शीचे ३६० रुपये आणि देवणीचे १३२.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण खाणं बघा. जर्शीला पेंड, खुराक, हिरवी वैरण आणि मुरघास मिळून दिवसाला २५० रुपये जातात. देवणी कडब्यावर आणि थोड्या पेंडीवर भागवते, तिचा खर्च ९५. म्हणजे हातात काय उरलं? जर्शीचे ११०, देवणीचे ३७. डॉक्टरची फी जर्शीला जास्त लागते, तीही धरली तर फरक आणखी कमी होतो. मला वाटलं, चला, देवणी तोट्यात तर नाही!

मामा हसला. ''भाकड दिवस कोण धरणार?''

भाकड म्हणजे गाय दूध देत नाही तो काळ. मामाची देवणी एका वेतात आठ महिने दूध देते. त्यानंतर पुढच्या वेतापर्यंत साधारण २०० दिवस ती फक्त खाते, रोज ५० रुपयांचं. आठ महिन्यांत कमावलेले ८,८८० रुपये आणि भाकड काळात घातलेले १०,०००. म्हणजे दर वेतामागे हजारभर रुपये मामा स्वतःच्या खिशातून घालतो. यात त्याची आणि मामीची मजुरी धरलेलीच नाही. वेताच्या शेवटी दूध आटत जातं, तेही धरलेलं नाही. जर्शीचं गणित वेगळं. ती १० महिने दूध देते, दोन-सव्वादोन महिने भाकड राहते आणि भाकड काळातला खर्च वजा करूनही वेतामागे २४ हजारांच्या आसपास सोडते.

हा एका गोठ्याचा हिशोब आहे, सगळ्या मराठवाड्याचा नाही. पण देवणीचं एका वेतातलं सरासरी दूध हजार लिटरच्या आसपासच मानलं जातं. नांदेड भागातली लाल कंधारी तर त्याहून बरंच कमी देते. त्यामुळे कोणत्याही गोठ्यात आकडे थोडे इकडे-तिकडे झाले, तरी उत्तर फार बदलत नाही. दूध डेअरीला घालून देवणी परवडत नाही.

मग प्रश्न असा पडतो की, आजोबांना ती कशी परवडत होती? ते काही मामापेक्षा श्रीमंत नव्हते.

मुळात ती दुधाची गाय नव्हतीच

उत्तर गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या जुवात होतं. देवणी गाय बैलासाठी पाळली जायची. दूध घरापुरतं, जास्त झालं तर तूप. खरी कमाई म्हणजे गोऱ्हा. तो तीन वर्षांचा झाला की नांगराला, वखराला आणि गाडीला लागायचा, नाहीतर बाजारात चांगल्या जोडीला चांगला भाव यायचा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत देवणी आणि लाल कंधारी जनावरं आजही मिरवतात, पण पूर्वी तिथून जोडी घेऊन येणं म्हणजे घरात नवी गाडी येण्यासारखं होतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक देशी जातींची हीच गोष्ट आहे. माणदेशातलं खिलार वेगासाठी. इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरातलं डांगी पावसात भाताच्या खाचरात राबण्यासाठी. वर्ध्याकडची गवळाऊ गाडीसाठी. आपण त्यांना आज दुधाच्या परीक्षेला बसवतो आणि नापास करतो. त्यांचा विषयच वेगळा होता, आणि तो विषय ट्रॅक्टरनं अभ्यासक्रमातून काढून टाकला.

आकडे बघायचे असतील तर २०१९ची विसावी पशुगणना बघा. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातल्या गोवंशातल्या नरांची संख्या ३० टक्क्यांनी घटली. त्याच काळात विदेशी आणि संकरित गोवंश जवळपास २७ टक्क्यांनी वाढला आणि देशी गोवंश ६ टक्क्यांनी कमी झाला. बैलाचं काम गेलं आणि बैलाबरोबर त्याच्या आईचंही काम गेलं.

खिलारचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा शर्यतीच्या खोंडाची मागणी आटली. २०१७ साली राज्यानं कायदा बदलला, डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. आज पश्चिम महाराष्ट्रात शर्यतीच्या खिलार खोंडाला लाखांत बोली लागते. शर्यतीत बैलांचे हाल होतात का, हा प्रश्न खरा आहे आणि मला स्वतःला शर्यती बघवत नाहीत. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. खिलार गाय आज गोठ्यात उभी आहे, कारण तिच्या वासराला विकत घेणारं कोणीतरी आहे. देवणीच्या गोऱ्ह्याला तसं कोणी नाही.

आणि आता नाजूक मुद्दा. २०१५ पासून राज्यात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामागच्या भावनेबद्दल मी इथे वाद घालत नाही. पण कायद्याला एक आर्थिक बाजू असते, तीही सांगायला हवी. पूर्वी म्हातारा किंवा कामाचा नसलेला बैल विकून शेतकरी नव्या जनावरासाठी थोडे पैसे उभे करायचा. आता तो पैसा नाही, उलट ते जनावर मरेपर्यंत पोसायचं. हा भार संकरित गाईच्या मालकालाही आहे, पण तो दुधातून भरून निघतो. देवणीवाल्याकडे भरून काढायला काहीच नाही. गाय वाचवण्यासाठी केलेला नियम देशी गाय पाळणाऱ्यालाच सगळ्यात महाग पडतो. समर्थक आणि विरोधक दोघांच्याही भाषणांत मामासारख्याची ही बाजू मी तरी ऐकली नाही.

मग जाऊ दे ना!

होस्टेलवर परत आल्यावर हे सगळं रूममेटला सांगितलं. ती इकॉनॉमिक्सची. तिनं शांतपणे विचारलं, ''परवडत नाही तर जाऊ दे ना. आपण टाइपरायटर वाचवले का?''

प्रश्न वाईट नाही. मला उत्तर शोधायला दोन दिवस लागले.

टाइपरायटर संपला तरी त्याचा आराखडा कागदावर राहतो. उद्या लागला तर परत बनवता येतो. गाईची जात तशी नाही. ती शेकडो वर्षं एका ठिकाणच्या उन्हात, पावसात आणि चाऱ्यावर निवडत निवडत तयार झालेली असते. डांगीच्या कातडीवर एक तेलकट थर असतो, त्यामुळे सह्याद्रीच्या धो धो पावसात ती टिकते. तिचे काळे, कठीण खूर चिखलात आणि दगडात झिजत नाहीत. देवणी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कडब्यावर तग धरते. याउलट होल्स्टिन ही थंड प्रदेशातली गाय. उष्णता आणि दमटपणा एका मर्यादेच्या वर गेला की तिचं खाणं कमी होतं, दूध घटतं, गाभण राहणं अवघड होतं. संकरित गाईतही विदेशी रक्ताचा अंश जितका जास्त, तितका हा त्रास जास्त. लातूरला पाण्याची रेल्वे आणावी लागली होती ते २०१६ साल आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशी वर्षं पुढे वाढणार असतील, तर कमी पाण्यावर आणि कमी चाऱ्यावर जगणाऱ्या जनावराचे गुण आपल्याला कधी लागतील सांगता येत नाही.

म्हणजे देशी गाय हा एक विमा आहे. विम्याचा फायदा सगळ्यांना आहे, शहरात दूध पिणाऱ्यांनाही. पण हप्ता कोण भरतंय? मामा. वेताला हजार रुपये, अधिक त्याचे कष्ट. रूममेटच्या भाषेत सांगायचं तर ही सार्वजनिक हिताची वस्तू आहे, आणि अशी वस्तू बाजार आपणहून टिकवत नाही. कोणीतरी तिचे पैसे द्यावे लागतात.

''वीर्य गोठवून ठेवलं की झालं,'' असंही कोणी म्हणेल. हरियाणातल्या कर्नालला राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, तिथे देशी जातींच्या रेतमात्रा साठवून ठेवल्या जातात. ते काम मोलाचं आहेच. पण गाईच उरल्या नाहीत आणि फक्त वीर्य उरलं, तर दुसऱ्या जातीच्या गाईवर ते पिढ्यानपिढ्या वापरत जावं लागतं. मूळ जातीच्या जवळ यायला पाच पिढ्या, म्हणजे साधारण २० वर्षं. फ्रीजरमध्ये जात मरत नाही, पण जगतही नाही.

पैसे आहेत, पण दुसऱ्याच दारात

आता तुम्ही म्हणाल, सरकार पैसे देतंच की! देतं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळानं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं आणि गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केलं. ५० रुपये रोज, म्हणजे वर्षाला गाईमागे १८,२५० रुपये.

मामाचा भाकड काळातला रोजचा खर्च किती होता आठवतंय? ५० रुपये. तंतोतंत तेवढाच!

पण ते त्याला मिळत नाहीत. ते गोशाळेला मिळतात. म्हणजे मामाची देवणी मामाच्या दावणीला असेल, दर सव्वा वर्षानं व्यायत असेल, जात पुढे नेत असेल, तर तिला शून्य. तीच गाय त्यानं वैतागून गोशाळेत सोडली की तिच्यासाठी दिवसाला ५० रुपये. यातून शेतकऱ्याला आपण काय सुचवतोय?

गोशाळांवर माझा राग नाही. भाकड, जखमी, सोडून दिलेल्या जनावरांना कोणीतरी सांभाळायलाच हवं, आणि त्यांना दुधाचं उत्पन्न नसतं म्हणून अनुदान हवं, हेही पटतं. पण ते भूतदयेचं काम आहे, संवर्धनाचं नाही. संवर्धन म्हणजे ठरवून केलेली पैदास. कोणती गाय, कोणता वळू, कोणती कालवड पुढच्या पिढीसाठी ठेवायची, हे ठरवणं. गोळा केलेल्या सरमिसळ जनावरांच्या गोशाळेत ते होत नाही. काही अपवाद असतील. पण जात टिकते ती पैदास करणाऱ्याच्या गोठ्यात. वृद्धाश्रमाला अनुदान देऊन शाळेचा पट वाढत नाही.

ए-टूची जादू आणि तुपाचं गणित

दुसरा पैसा बाजारातला. शहरात 'ए-टू' लिहिलेली दुधाची बाटली आणि तुपाची बरणी नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट भावानं जाते. हा पैसा गाईपर्यंत पोहोचत असता तर मी आनंदानं टाळ्या वाजवल्या असत्या.

आधी ए-टू म्हणजे काय ते सोप्या शब्दांत. दुधात बीटा-केसिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे ए-वन आणि ए-टू असे प्रकार असतात आणि त्यांच्यात एका अमिनो आम्लाचा फरक असतो. आपल्या देशी गाईंमध्ये बहुतांश ए-टू असतं, हे खरं. पण म्हशीच्या दुधातही ए-टूच असतं. म्हणजे तुमच्या टपरीवरचा म्हशीच्या दुधाचा चहा आधीपासूनच ए-टू आहे! त्यानं आजार बरे होतात वगैरे दाव्यांना ठोस आधार मिळालेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २००९ साली अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ए-वन दूध आणि आजार यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचं म्हटलं होतं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४मध्ये पाकिटांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. तूप तर जवळपास सगळं फॅटच असतं. ज्यात प्रथिनच उरत नाही, त्यावर प्रथिनाचा प्रकार लिहून विकायचं, हे मार्केटिंग म्हणून भारीच आहे.

आणि तुपाचं गणित? देवणीसारख्या गाईच्या दुधापासून एक किलो तूप काढायला साधारण २५ लिटर दूध लागतं. संकलन केंद्राच्या ३३ रुपये दरानं त्याचे शेतकऱ्याला ८२५ रुपये मिळतील. ऑनलाइन अशा तुपाचा भाव किलोला दोन हजारांच्या पुढे सहज दिसतो. मधे बनवणं, बरणी, वाहतूक, जाहिरात हे खर्च आहेत, मान्य. पण सगळ्यात मोठा कष्ट ज्याचा, त्याला या ब्रँडची हवाही लागलेली नसते.

शिवाय या बाजाराची लाडकी गाय आहे गीर. दिसायला देखणी, देवणीपेक्षा जास्त दूध देणारी. पुण्या-मुंबईजवळचे गोठे सौराष्ट्रातून गीर आणतात आणि 'देशी' म्हणून विकतात. गीर देशी आहेच. पण ती आल्यानं देवणी, डांगी किंवा लाल कंधारी वाचत नाही. उलट 'देशीच पाळायची तर गीर पाळा' असं म्हणून गावातल्या गाईवरही गीरची रेतमात्रा भरली जाते. मग जर्शीनं जे केलं तेच गीर करते. गावची जात पुसली जाते, फक्त या वेळी देशी नावाखाली.

ब्राझीलनं काय वेगळं केलं?

हीच गीर आपल्याकडून ब्राझीलला गेली. तिथल्या पशुपालकांनी ती पूजेला लावली नाही, नोंदवहीत लावली. कोणत्या गाईनं किती दूध दिलं, तिच्या मुलींनी किती दिलं, म्हणून कोणता वळू चांगला, हे मोजत गेले. १९८५ पासून तिथे दुधाळ गीरसाठी राष्ट्रीय सुधार कार्यक्रम चालू आहे. आंध्रातल्या नेल्लोर-ओंगोल भागातली गाय तिथे 'नेलोर' झाली आणि आज ब्राझीलच्या मांस उद्योगाचा कणा आहे. २०२३ साली तिथल्या एका नेलोर गाईची किंमत ४० लाख डॉलरच्या वर धरली गेली.

त्यांचा हेतू नफ्याचा होता, आणि मांस हा त्यांच्या हिशोबाचा भाग आहे. ते सगळं इथे आणा असं मी म्हणत नाही. पण नोंद ठेवणं तरी आणता येईल! देवणीतही काही गाई वेताला दीड हजार लिटरपर्यंत जातात. त्यांची वासरं ओळखून पुढे नेली असती, तर मामाच्या वहीतला उणे हजार कधीच अधिक झाला असता. पण कोणती गाय कोणाची मुलगी, हे फक्त मालकाच्या डोक्यात असतं. तो गेला की नोंद गेली.

मग करायचं काय?

मी अर्थतज्ज्ञ नाही, पण मामाच्या वहीवरून चार गोष्टी सुचतात.

पहिली, पैसे गाईच्या असण्याला नको, वासराला द्या. शुद्ध देवणी वासराची नोंद झाली की शेतकऱ्याला समजा पाच हजार. ती कालवड त्याच गोठ्यात मोठी होऊन पहिल्यांदा व्याली की १३ हजार. एकूण १८ हजार, म्हणजे गोशाळेतल्या एका गाईच्या एका वर्षाच्या अनुदानाएवढे. इथे मात्र त्यातून एक नवी गाय उभी राहते.

दुसरी, नोंद. आज गाईच्या कानात १२ आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतोच. त्या क्रमांकापुढे आई, बाप आणि महिन्यातून एकदा मोजलेलं दूध एवढं लिहा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आसपास सायन्स आणि ॲग्रीची कितीतरी कॉलेजं आहेत. एनएसएसच्या शिबिरात आपण दरवर्षी तीच ती भिंत रंगवतो. त्याऐवजी २० गावांत दूध मोजता येईल.

तिसरी, हट्ट नको. जिथे पाणी आणि चारा आहे, दुधाचा धंदा बसलेला आहे, तिथे संकरित गाय राहू दे. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यानं भावनेपोटी तोट्यात जावं, असं कोणीही म्हणू नये. देवणी तिच्या मूळ पट्ट्यात, डांगी तिच्या डोंगरात आणि लाल कंधारी तिच्या तालुक्यांत टिकली तरी पुरे. पण तिथे मात्र त्या जातीची रेतमात्रा आणि वळू हाकेच्या अंतरावर हवेत.

चौथी गोष्ट आपल्या हातातली. विकत घ्यायचंच तर 'ए-टू आहे का' हे विचारू नका. 'कोणत्या जातीची गाय, कोणत्या तालुक्यातली आणि शेतकऱ्याला लिटरला किती दिले' हे विचारा. उत्तर नसेल, तर तुम्ही गाईसाठी पैसे देत नाही आहात, बासरीसाठी देताय.

यावर एक आक्षेप येईल की, कागदोपत्री वासरं दाखवून अनुदान लाटलं जाईल. जाईल, काही ठिकाणी नक्की जाईल. पण तीच भीती आजच्या अनुदानालाही आहे. निदान इथे आई-बापाची डीएनए तपासणी करून वासरू खरं की खोटं ते सांगता तरी येतं.

शेवटची देवणी

सुट्टी संपून निघताना मी मामाला परत विचारलं, ''आता तरी सांग, का ठेवलीय?'' तो म्हणाला, ''तुझ्या आजोबानं हिच्या आजीच्या जिवावर तुझ्या आईचं लग्न केलं. लगेच कसं विकू? पन हे काय कारन हाय का माय? कारनावर गाय जगत न्हाई.''

हा लेख लिहीत असतानाच त्याचा फोन आला. देवणी माजावर आली होती. त्यानं तीन ठिकाणी विचारलं, देवणीची कांडी मिळाली नाही. वळू म्हणावा तर पंचक्रोशीत राहिलेला नाही. माज काही तासांचा असतो, थांबता येत नाही. शेवटी जर्शीची कांडी भरली. आपलं प्रजनन धोरण कागदावर सांगतं की, मान्यताप्राप्त देशी जातीवर त्याच जातीचं रेतन करावं. कागद गोठ्यापर्यंत आलाच नाही.

नऊ महिन्यांनी होणारं वासरू देवणी नसेल. कोणी गाय मारली नाही, कोणी कायदा मोडला नाही, कुठे बातमी नाही. एका गोठ्यातली जात मात्र या पिढीपुरती थांबली.

फोन ठेवताना मामानं विचारलं, ''ते रोजचे ५० रुपये मला लागू व्हतेत का गं?''

मी नाही म्हणाले. पुढच्या वेळी त्याचा फोन येईल तेव्हा हे उत्तर बदललेलं असावं, एवढ्यासाठी हा लेख. ती अजून सात वर्षांचीच आहे, आणखी तीन-चार वेतं तरी तिच्यात आहेत.